सातवी पट्टी: जिनिव्हाच्या एका गाणाऱ्या घड्याळाचे प्रकरण

घड्याळाचे मालक आणि त्यांचे कुटुंब यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. घड्याळात आधी झालेल्या कामाबद्दल बोलणे भाग आहे, पण ते कोणी केले हे मी विचारलेले नाही आणि त्याची गरजही नाही.

## पार्श्वभूमी

मी इंग्लंडमध्ये एका लहान कार्यशाळेत जुन्या घड्याळांच्या संवर्धनाचे काम करते. माझे वडील पुण्यात घड्याळजी होते. डोळ्याला भिंग लावून बसलेली त्यांची पाठ बघत मी मोठी झाले. पण खिशातल्या घड्याळात वाद्यवृंद असतो हे मला इकडे येऊन शिकायला लागल्यावरच कळले.

मार्च महिन्यात एक निवृत्त डॉक्टर रुमालात गुंडाळलेली डबी घेऊन आले. पन्नास वर्षांपासून इंग्लंडमध्ये, बोलणे मात्र अस्सल सदाशिव पेठी. मी मराठी आहे हे कळल्यावर इंग्रजी तिथेच थांबले आणि मी त्यांची ‘अगं’ झाले, ते माझे डॉक्टरकाका. घड्याळ त्यांनी 1979 साली लंडनच्या पोर्टोबेलो रोडवरच्या जुन्या बाजारात घेतले होते, काकूंना आवडले म्हणून. 1995 च्या सुमारास ते एकदा दुरुस्तीला गेले. परत आले तेव्हा वेळ दाखवत होते, गात नव्हते. त्यानंतर ते कपाटात गेले.

काकू आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेल्या होत्या. वर्षश्राद्धाला सगळे जमणार होते. “तेवढ्या वेळात ते गायला लागेल का, बघ,” काका म्हणाले. मी हो म्हटले. डबी उघडायच्या आधी.

## घड्याळ कोणत्या जातीचे

हे प्रकरण समजायला या घड्याळांच्या घडणीबद्दल थोडे सांगावे लागेल.

संगीत वाजवणारी घड्याळे फार जुनी आहेत. पण सुरुवातीला स्वर यायचा तो घंटांमधून. एकात एक बसवलेल्या छोट्या घंटा आणि त्यांवर पडणारे हातोडे. घंटांना जागा लागते, त्यामुळे खिशातले घड्याळ एका मर्यादेपलीकडे गाऊ शकत नव्हते. 1796 साली जिनिव्हाच्या अँतोआन फाव्र या घड्याळकाराने तिथल्या कला-सोसायटीपुढे घंटा आणि हातोडा दोन्हींशिवाय धून वाजवण्याची युक्ती मांडली. पोलादाची पातळ पट्टी एका टोकाला पक्की धरायची, दुसरे टोक पिनेने उचलून सोडायचे. पट्टी थरथरते आणि तिच्या लांबी-जाडीप्रमाणे स्वर देते. पुढच्या काळातल्या सगळ्या संगीतपेट्यांचे मूळ इथे आहे.

त्यानंतरच्या तीसेक वर्षांत जिनिव्हा आणि ज्यूरा डोंगरातल्या व्हाले द झू या खोऱ्यातल्या कारागिरांनी ही युक्ती अविश्वसनीय लहान जागेत नेली. पिना बसवलेला दंडगोल घड्याळाची जाडी वाढवतो. म्हणून त्यांनी चपटी तबकडी घेतली, तिच्या दोन्ही अंगांना पिना बसवल्या आणि वर-खाली पंख्यासारख्या पोलादी पट्ट्या मांडल्या. तबकडी फिरते, पिना पट्ट्यांना छेडत जातात. इझाक पिगे आणि फिलीप मेलाँ या दोघांची जिनिव्हातली भागीदारी 1811 ते 1828 चालली. या जातीच्या कामात त्यांचे नाव सगळ्यात आदराने घेतले जाते.

हे काम एका माणसाचे नसे. खोऱ्यातले शेतकरी बर्फाच्या दिवसांत घरी बसून यंत्राचे कच्चे भाग घडवत. जिनिव्हाच्या सें-जेर्व्हे भागात वरच्या मजल्यांवर, खिडक्यांच्या उजेडात, छोट्या खोल्यांमधून कारागीर बसत. एक मीनाकाम करणारा, एक नक्षी खोदणारा, एक केस घडवणारा, एक पाऱ्याच्या वाफेने स्वतःची फुप्फुसे जाळत पितळेवर सोन्याचा मुलामा चढवणारा. तयार माल तुर्कस्तानात, चीनमध्ये, युरोपभर जाई. चीनला तर अशी घड्याळे जोडीने विकली जात. बऱ्याच घड्याळांवर कोणाचीच सही नसते.

काकांचे घड्याळही बिनसहीचे. व्यास सुमारे 58 मिलिमीटर. डायलच्या वरच्या भागात तास-मिनिटांचे छोटे वर्तुळ, खाली मीन्याने रंगवलेली बाग आणि बागेपुढे सोन्याच्या तीन आकृत्या. हार्प वाजवणारी बाई, व्हायोलिन घेतलेला पुरुष आणि दोन पायांवर उडी मारणारे कुत्रे. सोने एकाच रंगाचे नाही. तांबे जास्त मिसळले की ते लालसर होते, चांदी मिसळली की हिरवट. बाईचा झगा लालसर, कुत्र्याखालची हिरवळ हिरवट सोन्याची. बाजूची कळ सरकवली की धून सुरू होते आणि आकृत्या हलतात. आकृत्यांच्या मागे, डायलखाली, केसाएवढे दांडे आहेत. संगीताच्या चाकांवरचे उंचवटे त्यांना ढकलतात, त्यामुळे हार्पवरचा हात आणि धून एकाच कमानीच्या, म्हणजे गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या, जोरावर चालतात. ही कमान वेळेच्या कमानीहून वेगळी आहे.

## अडचण

घड्याळ उघडायच्या आधी करायची एक गोष्ट आहे. संगीताची कमान किल्लीने धरून हळूहळू पूर्ण उतरवायची, म्हणजे तिच्यात जोर शिल्लक राहत नाही. कारण असे, की तबकडी ठरावीक गतीने फिरते ती चाकांच्या शेवटी बसवलेल्या, वेग आवरणाऱ्या इवल्याशा गव्हर्नरमुळे. कमानीत जोर असताना तो गव्हर्नर निघाला, तर तबकडी एका क्षणात भिंगरीसारखी सुटते आणि पिना पट्ट्यांवर आदळत जातात. आमच्या धंद्यात याला ‘रन’ म्हणतात. दोनशे वर्षे टिकलेले काम दोन सेकंदांत संपते.

भिंगाखाली पाहिल्यावर दिसले की हे आधीच होऊन गेले होते. तबकडीच्या एका भागातल्या नऊ पिना एकाच दिशेला झुकलेल्या, तीन मुळाशी तुटलेल्या. गव्हर्नरचे एक टोक नव्याने घातलेले, त्याचा पोत बाकीच्या पोलादाहून वेगळा. खालच्या बाजूच्या बारा पट्ट्या जागेवर होत्या, वरच्या बाजूच्या बारांपैकी सातवी आणि आठवी गायब. दोघींचे मुळाचे तुकडे तेवढे स्क्रूखाली उरले होते. आठवीच्या तुकड्यावर कथलाचा डाग होता. कोणीतरी तुटलेली पट्टी डाग देऊन जोडायचा प्रयत्न केला होता. तो टिकणे शक्यच नव्हते, कारण थरथरणाऱ्या पोलादाला कथील धरून ठेवत नाही, आणि डाग देताना बसलेल्या उष्णतेने पोलादाचे पाणीही उतरते, म्हणजे त्याचा कडकपणा जातो. वर डागासाठी वापरलेल्या आम्लाने शेजारच्या सहाव्या आणि नवव्या पट्टीवर गंज धरला होता.

व्हायोलिनवाल्याचा गज धरलेला हात मनगटापासून नव्हता. आणि मागच्या झाकणाच्या मीन्याला कडेशी एक टवका होता.

## समोरचे पर्याय

मीन्याचा प्रश्न लवकर सुटला. नवा मीना भरायचा तर झाकण 800 अंशांच्या आसपास भट्टीत घालावे लागते. त्यात बाकीचे चित्र राहील याची खात्री कोणी देत नाही. टवक्याच्या कडा पुढे उखडू नयेत म्हणून पॅरालॉइड बी-72 या राळेचा पातळ थर द्यायचा आणि टवका तसाच राहू द्यायचा, असे ठरले. ही राळ पुढे कोणाला नको वाटली तर विरघळवून काढता येते.

धुनीचा प्रश्न मात्र खरा होता.

पहिला पर्याय होता सगळे स्वच्छ करून, गंज थांबवून, घड्याळ मुके ठेवणे. संग्रहालयात असते तर कदाचित मी हेच सुचवले असते. दर वेळी वाजवताना मूळ पिना थोड्या झिजतात. त्या पुन्हा मिळणार नाहीत. दुसरा पर्याय होता दोन पट्ट्यांच्या जागा रिकाम्या ठेवून बाकीची धून वाजू देणे. यात खोटे काही घातले जात नाही, पण ऐकणाऱ्याला दात पडलेल्या तोंडाचे गाणे ऐकू येते. माझ्या वरिष्ठांनी तिसरा पर्याय सुचवला. उरलेल्या बावीस पट्ट्यांचे आवाज एकेक ध्वनिमुद्रित करावेत, गायब स्वर संगणकावर घालावेत आणि घरच्यांना ती फाइल द्यावी. घड्याळाला हात लागणार नाही.

मी काकांना तिन्ही सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले.

“फाइल नको गं. मला त्या कुत्र्याची उडी आणि सूर एकत्र हवेत,” ते म्हणाले. “तिला तेवढंच आवडायचं. कुत्र्याची उडी कुठल्या सुरावर पडते ते.”

मग चौथा पर्याय उरला. दोन नव्या पट्ट्या घडवणे, तीन पिना घालणे, झुकलेल्या पिना सरळ करणे आणि वर्षातून मोजक्या वेळाच वाजवण्याची अट घालणे. मी तो घेतला आणि आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो. हे घड्याळ एका घराचे होते आणि त्या घरात त्याचा उपयोग गाण्याचाच होता.

व्हायोलिनवाल्याच्या हाताबाबत मी नाही म्हटले. हात होता हे सांध्याच्या खिळ्यावरून कळत होते. कसा होता, गज कोणत्या कोनात होता, हे सांगणारे काहीच नव्हते. काकांनी घड्याळ घेतले तेव्हाही तो नव्हता. दुसऱ्या एखाद्या घड्याळातला हात बघून सोन्याचा नवा करता आला असता, पण मग ती माझी कल्पना झाली असती.

पिनांचे तसे नव्हते. तुटलेल्या पिनांची मुळे तबकडीत शिल्लक होती, म्हणजे जागा नक्की होत्या. पट्ट्यांचे काय? त्यांची रुंदी मुळाच्या तुकड्यावरून कळत होती, लांबी पिनांच्या वर्तुळावरून, जाडीचा अंदाज शेजारणींवरून. स्वर मात्र कुठेच लिहिलेला नव्हता. तोच तर्काने काढायचा होता.

## स्वर कसा ठरवला

आधी तबकडीचा नकाशा केला. दोन्ही अंगांची छायाचित्रे घेऊन प्रत्येक पीन कोणत्या पट्टीला, फेऱ्याच्या कोणत्या अंशावर छेडते ते कागदावर मांडले. हा कागद म्हणजे त्या धुनीची स्वरलिपीच. मग उरलेल्या प्रत्येक पट्टीला पक्ष्याच्या पिसाच्या देठाने हलकेच छेडून स्वर मोजला. फोनवरचे ट्यूनर इथे फसवतात, कारण त्या काळी वाद्ये आजच्यापेक्षा बहुधा खालच्या सुरात लावत. म्हणून स्वरांची आपसातली अंतरे तेवढी धरायची.

मी शाळेत असताना चार वर्षे पेटी शिकले आहे. मला ‘सी मेजर’ वगैरेपेक्षा सा धरून विचार करणे सोपे जाते. ज्या स्वरावर धून येऊन थांबत होती त्याला सा म्हटले. सहावी पट्टी शुद्ध गंधार निघाली, नववी धैवत. मधल्या दोन जागा रिकाम्या. आठवी पट्टी एका फेऱ्यात अकरा वेळा वाजत होती आणि तिच्या जागा पाहता ती पंचम असणार यात शंका नव्हती. सातवी फक्त तीनदा.

ग आणि प यांच्या मध्ये काय असते? मध्यम. धून साधी, सरळ, सगळे स्वर शुद्ध. मी कागदावर ‘म’ लिहिले आणि पुढे गेले. तेव्हा जुलै सुरू झाला होता.

## पट्ट्या घडवल्या त्या अशा

बारीक करवतीने पोलादाची चीप कापली, कानशीने मापावर आणली. जाडी एका कागदाच्या आसपास, टोक मात्र थोडे जाड ठेवलेले. चीप लालबुंद तापवून तेलात बुडवली, म्हणजे पाणी दिले. आता ती काचेसारखी कडक आणि तेवढीच ठिसूळ. ती घासून चकचकीत केली आणि पितळेच्या किसावर ठेवून खालून मंद आच दिली. पोलादावर रंग चढत जातात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि 300 अंशांच्या आसपास गर्द निळा. निळ्यावर आली की लगेच उचलायची. क्षणभर उशीर झाला तर निळा फिका पडतो, पट्टी मऊ होते आणि स्वराला जीव राहत नाही. आठव्या पट्टीसाठी माझ्या चार चिपा वाया गेल्या.

मग स्वर लावणे. टोकाकडचे पोलाद काढले की स्वर चढतो, मुळाकडचे काढले की उतरतो. निळ्या पोलादावर कानस नीट चालत नाही, तेलाच्या दगडावर दोन-तीन हलके हात मारायचे, पट्टी जागेवर बसवायची, छेडायची, मोजायची, परत काढायची. एका पट्टीला दीड दिवस. दोन्ही पट्ट्यांच्या पोटाला, वरून न दिसणाऱ्या जागी, मी एक ठिपका आणि वर्ष कोरले. पुढे जो कोणी उघडेल त्याला मूळ कोणते आणि नवे कोणते हे शोधत बसावे लागू नये.

स्वच्छतेत एक पथ्य पाळले. आजकाल सरसकट वापरतात ती अमोनियाची द्रावणे आणि ध्वनिलहरींचे यंत्र दोन्ही टाळले. जुन्या पितळेला अमोनियाने चिरा जाऊ शकतात आणि पाऱ्याच्या मदतीने चढवलेला सोन्याचा मुलामा एकदा गेला की तसा परत चढवता येत नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कमान अर्धीच भरली आणि कळ सरकवली. बाईचा हात हार्पवरून फिरला, कुत्रे उडाले, धून पुरी वाजली. एकही पट्टी खडखडली नाही. मी काकांना बोलावले.

## “हे असं नव्हतं”

त्यांनी डोळे मिटून ऐकले. दुसऱ्यांदा वाजवायला सांगितले. मग म्हणाले, “छान झालंय. पण अगं, हे असं नव्हतं.”

“म्हणजे कसं, काका?”

“इथे,” त्यांनी बोट हवेत वर नेले, “इथे ते जरा वर चढून मग पुढे जायचं. आता ते पायरी चुकल्यासारखं जातंय.”

मी त्यांना नकाशा दाखवला. मोजमापे दाखवली. पंचवीस वर्षांत आठवण बदलते, नवे पोलाद जुन्यापेक्षा थोडे वेगळे वाजते, असेही म्हणाले. सगळे खरे होते, आणि सगळे चुकीच्या वेळी बोललेले होते. काका वाद घालत बसले नाहीत. “तुला जास्त कळतं,” म्हणाले आणि गेले. त्या वाक्याने मला दोन दिवस झोप आली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पुण्याला त्यांच्या थोरल्या बहिणीशी बोलणे झाले होते. त्या काळी फोन महाग, पत्र लिहायला वेळ नाही, म्हणून काकू कॅसेट भरून पुण्याला पाठवत. घरोघरचे बोलणे, पोरांच्या कविता, भांड्यांचे आवाज, सगळे त्यात. आत्यांकडे अशा सात कॅसेट होत्या. एकीवर 1984 असे लिहिले होते. एवढ्या पावसाळ्यांनी फितीला बुरशी धरली होती. भाच्याने ती एका जाणकाराकडून स्वच्छ करून घेतली आणि आवाज फोनवर पाठवला.

मी तो कार्यशाळेत एकटीने ऐकला. आधी कुकरची शिट्टी. मग काकूंचा आवाज, “वन्सं, थांबा हं, आता गंमत ऐका. अहो, कळ सरकवा ना.” आणि खट्‌ असा आवाज होऊन धून सुरू.

कॅसेटच्या स्वरावर तसाच विश्वास ठेवता येत नाही. फीत कमी-जास्त वेगाने फिरते. पण आमच्याकडे त्याला उपाय होता. घड्याळातल्या बावीस मूळ पट्ट्या अजून जिवंत होत्या आणि कॅसेटवरही त्याच वाजत होत्या. त्यांचे आजचे स्वर आणि कॅसेटवरचे स्वर शेजारी ठेवले. सगळे सुमारे तीन टक्क्यांनी चढे निघाले, म्हणजे फीत तेवढी वेगाने फिरली होती. सगळे एकसारखे चढे, त्यामुळे हिशेब सरळ. तोच फरक वजा करून सातव्या पट्टीचा स्वर काढला.

तीव्र मध्यम.

मी नकाशा पुन्हा काढला. सातवी पट्टी तीनदा वाजते आणि तिन्ही वेळा तिच्यामागून लगेच पंचम येतो. धून त्या जागी क्षणभर पंचमालाच सा मानते आणि त्याच्या दाराशी जाताना खालून टेकण घेते ती तीव्र मध्यमाची. पेटी शिकवणाऱ्या माझ्या बाईंनी हे मला एका मिनिटात सांगितले असते. पुरावा कागदावर पहिल्या दिवसापासून होता. ‘सगळे स्वर शुद्ध’ असे मी उरलेल्या पट्ट्यांवरून धरले होते. जी पट्टी नाही तिच्याबद्दल त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते.

## पुढे काय केले

आधीचीच पट्टी टोकाशी घासून अर्धा स्वर चढवता आली असती का? कदाचित. पण टोकाला पीन लागते, तिथले पोलाद एवढे पातळ केले असते तर ती फार दिवस टिकली नसती. मी नवी घडवायचे ठरवले आणि काकांना सांगितले की ऑगस्टची तारीख गाठता येणार नाही. फोन करायच्या आधी मी कार्यशाळेत दोन फेऱ्या मारल्या. ते म्हणाले, “घाईने कर असं मी म्हणालोच नव्हतो गं. जमेल का बघ, एवढंच म्हणालो होतो.” ते खरे होते. मुदत मीच घालून घेतली होती.

वर्षश्राद्धाच्या दिवशी घरच्यांनी कॅसेटच ऐकली.

घड्याळ नोव्हेंबरमध्ये परत गेले. सोबत एक कागद दिला. वर्षातून सहापेक्षा जास्त वेळा वाजवू नये, कमान अर्धीच भरावी, वाजून झाल्यावर भरलेली ठेवू नये, आणि पुढे कधीही कोणाकडे उघडायला दिले तर आधी कमान उतरवायला सांगावी. त्या कागदावर घडवणाऱ्याच्या रकान्यात ‘जिनिव्हा, साधारण 1815 ते 1825, कारागीर अज्ञात’ असे लिहिले आहे. काकांच्या मुलाला तिथे पिगे आणि मेलाँ यांचे नाव हवे होते. घड्याळाची किंमत त्याने बरीच वाढली असती. घडण त्यांच्या वळणाची आहे हे मी मान्य केले, पण खूण एकही सापडली नाही. त्या काळी खोऱ्यात असे यंत्र घडवू शकणारे आणखीही हात होते.

काकांनी घरी गेल्यावर एकदा वाजवून फोन माझ्या कानाला लावला, म्हणजे त्यांच्या घड्याळाजवळ धरला. “कुत्र्याची उडी पंचमावर पडते,” ते म्हणाले. “म्हणजे ती बरोबर सांगायची.”

## आता वेगळे काय करते

चार गोष्टी बदलल्या. त्यातल्या तीन लहान आहेत. मुदत विचारली तर डबी उघडून पाहिल्याशिवाय उत्तर देत नाही. नकाशा झाला की तो गाणे येणाऱ्या एका माणसाला दाखवते. गायब स्वरासाठी आधी मऊ पितळेची तात्पुरती पट्टी लावून मालकाला ऐकवते. तिचा आवाज मंद असतो, पण अंतर कळते, आणि पोलादाला पाणी द्यायची वेळ नंतर येते.

चौथी मला माहीत असायला हवी होती. वडील दुकानात एक लांब वही ठेवत. गिऱ्हाईक घड्याळ टेबलावर ठेवून जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत पहिल्या ओळीत उतरवत. ‘रात्री थांबतं, उशाशी ठेवलं की चालतं.’ ‘पोराच्या हातून पडलं, तसं म्हणत नाही.’ नंतर उघडत. मी इकडे आल्यावर छापील तक्ते भरू लागले. त्यांत धातूला, मापाला, दोषाला रकाने आहेत. घरच्यांनी ते घड्याळ कसे ऐकले, कोणाकडे त्याचा आवाज, फोटो, कॅसेट आहे का, याला रकाना नाही. मी मार्चमध्ये हा एक प्रश्न विचारला असता तर आत्यांची कॅसेट एप्रिलमध्ये हाती आली असती.

आता तक्त्याच्या आधी एक कोरा कागद लावते.

काकांच्या प्रकरणाच्या फाइलमध्ये तबकडीचा नकाशा, बावीस स्वरांची मापे, त्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत आणि एक छोटे पाकीट आहे. पाकिटात निळ्या पोलादाची एक पट्टी आहे, पोटाला ठिपका आणि वर्ष कोरलेले. वर माझ्या अक्षरात लिहिले आहे: ‘सातवी. शुद्ध मध्यम. चुकीची.’